निवृत्तीनंतर लोकांना सगळ्यात जास्त काय आवडतं?

तुम्ही विचारलंय की रिटायर झाल्यावर लोकांना सगळ्यात जास्त काय आवडतं. खाली जोडलंय, 'बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत, त्यांना कशात गुंतवून ठेवावं?' पहिल्याचं उत्तर देतो. दुसरं वाचून डोकं फिरलं, म्हणून तर लिहायला बसलो. माणसाला साठ लागली म्हणजे तो बालवाडीत घालायचा झाला काय?

मी बेळगावचा. सरकारी बसमध्ये कंडक्टर होतो. माझ्यापुरतं उत्तर सरळ आहे: सणाच्या दिवशी सणात असणं. बाकी सकाळचं फिरणं, दुपारची झोप, नातवंडं हे सगळे सांगतातच, ते खोटंही नाही.

नोकरीत दसरा, दिवाळी, जत्रा, उरूस, जगाला सुट्टी म्हणजे आम्हाला जादा गाडी. आमच्याकडं वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. गल्लीतली पोरं महिनाभर आधीपासून मावळ्यांचे कपडे, तलवारी, किल्ले करत बसतात. माझा पोरगा एका वर्षी बाल शिवाजी झाला होता. मी तो फोटोत बघितला. त्या रात्री माझी वस्तीची गाडी कणकुंबीला होती. वस्तीची गाडी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: शेवटची गाडी गावात मुक्कामाला थांबते आणि पहाटे पहिली म्हणून निघते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात. पावसाळ्यात तिकडं पाऊस असा की अंथरुणाला आठवडाभर ओल यायची. मलप्रभा नदी तिथंच उगम पावते. ती पुढं खानापुरावरून सौंदत्तीकडं जाते, नवीलतीर्थाला तिच्यावर धरण आहे, आणि त्याच सौंदत्तीला यल्लम्मा देवीचा डोंगर.

आता डोंगराचं सांगतो. मार्गशीर्षात रांडाव पुनव, म्हणजे देवीला वैधव्य येतं ती पौर्णिमा, आणि माघात अहेव पुनव, म्हणजे ती परत सवाशीण होते ती, या दोन्ही वेळा डोंगरावर लाखांनी माणूस जमतं. कोल्हापूर, सांगली, निपाणी, चिकोडी, सगळीकडून गाड्या भरून येतात. मी किती वर्षं ती माणसं डोंगरावर नेली आणि उतरवली, पण जत्रेच्या दिवशी कधी निवांत वर गेलो नाही. लांबून हात जोडायचे, वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरायचं, चहा घ्यायचा, की परत 'हं चला, रैट!' बायको दरसाल शेजारणींबरोबर जायची. कुणी विचारलं की सांगायची, 'मालक ड्युटीवर आहेत.' मालक डोंगराच्या पायथ्यालाच असायचे, गाडीत, सुट्ट्या पैशांवरून भांडत.

रिटायर झाल्यावरच्या पहिल्या मार्गशीर्षात आम्ही दोघं गेलो. मुद्दाम बसनं. जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या गाडीत तिकिटाचे पैसे नाहीत, तरी कंडक्टरला मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट फाडावंच लागतं. जत्रेच्या गर्दीत म्हणजे बोटं मोडायची पाळी. पुढच्या सीटवर एक म्हातारी फुकट तिकिटाला दाखवायचं आधार कार्ड घरी विसरून आलेली, तिचं आणि त्या कंडक्टर पोराचं जुंपलं. तो कन्नडमधून, ती मराठीतून, दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं. निम्मी गाडी त्यात पडली. आणि मी? मी खिडकीला बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. भांडण चाललंय, चिल्लरचा घोळ आहे, टॉपवर कुणाचं तरी गाठोडं सुटलंय, आणि यातलं काहीही माझं नाही! तुम्हाला नोकरी असेल तर हे सुख सांगून कळायचं नाही.

वर एका झाडाखाली ताडपत्री बांधली. पाणी मी आणलं, जळण मी विकत घेतलं, बायकोनं तीन दगड मांडून भाकऱ्या केल्या. वांग्याची भाजी, आंबील, घुगऱ्या. देवीची परडी नैवेद्यानं भरून झाली. भंडारा इतका उधळलेला की भाकरीच्या पिठातपण पिवळं उतरलं होतं. कोल्हापूरकडच्या एका कुटुंबाशी ओळख झाली, त्यांनी आम्हाला दही दिलं, आम्ही त्यांना ठेचा दिला. चार माणसांनी ओळखलं, 'कंडक्टर मामा, आज गाडी कुठं सोडली?' म्हणून विचारलं.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन.

त्याचं बेळगावातल्याच शहापुरात हार्डवेअरचं दुकान आहे. मी रिटायर झालो त्या आठवड्यापासून त्याचं सुरू, 'अण्णा, घरात बसून काय करालास? गल्ल्यावर बस की. तुला पैशाचा हिशेब येतोय, माणसं हाताळायला येतात.' पगाराचं नाव नाही, घरचंच दुकान म्हणे. मी हसण्यावारी नेत होतो. त्या दिवशी म्हणाला, 'उद्या मला हुबळीला जायचंय, तू सकाळी नऊला दुकान उघड.' मी म्हटलं, डोंगरावर आहे, पुनवेला मुक्काम आहे. तर म्हणतो, 'तू रिटायर आहेस अण्णा. देवी काय कुठं पळून चाललीय? पुढच्या आठवड्यात जा. मोकळाच आहेस नव्हं.'

मोकळाच आहेस. हे ऐकून घ्या, कारण तुमच्या बाबांनाही हेच ऐकवलं जाणार आहे. लाईट बिल भर, मोकळाच आहेस. पोराला क्लासला सोड, मोकळाच आहेस. तहसीलदार ऑफिसात लाईन लाव, मोकळाच आहेस. मी त्याला म्हटलं, तुझं दुकान रविवारी बंद असतंय, तेव्हा मी तुला बोलवतो काय माझी धुणी धुवायला? त्यानं फोन ठेवला. नंतर घरी येऊन मला शिकवायला लागला, लोखंड पडून राहिलं की गंजतं म्हणे. दुकानदार माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. तेव्हापासून बोलणं कमी आहे. गणपतीला त्याच्या घरी आरतीला गेलो, भावजयीनं मोदक दिले, तो समोर बसून मोबाईल बघत होता.

तर तुमचा प्रश्न. माझ्याबरोबरचे लोक काय करतात? एक ड्रायव्हर खानापूरकडं गावाला भात करतो. एक सकाळी बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चार फेऱ्या मारून पुढं पेपर वाचत बसतो, राजकारणावर बोलायला कुणी नाही मिळालं की बेचैन. एकानं शाळेच्या मुलांची व्हॅन घेतली आणि खरोखर खूश आहे, म्हणजे काम करणं वाईट असं माझं म्हणणं नाही. पण व्हॅन त्यानं स्वतः घेतली, कुणी त्याला गुंतवलं नाही.

आता पैशाचं, जे आधी सांगायला पाहिजे होतं. हे सगळं घर स्वतःचं असलं तर. आमच्यासारख्या बस महामंडळातल्यांना सरकारी पेन्शन नसते, ईपीएफची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची असते. ती 58 ला लागू होते. शेवटच्या 60 महिन्यांच्या पगाराची सरासरी, तीही 15,000 च्या मर्यादेत, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. हिशेब करून बघा, किती कमी येते ते. बाबांची पेन्शन अशी असेल तर ग्रॅच्युइटीचे पैसे आल्या आल्या कुणाच्या धंद्यात घालू देऊ नका, पोस्टात ज्येष्ठांच्या योजनेत ठेवा. तिथं 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं. कुणाच्या धंद्यात म्हणजे भावाच्यासुद्धा. माझ्याकडं तीही विचारणा झाली होती. आणि घरखर्च भागत नसेल तर बाबांनी काम बघावं, त्यात लाज नाही, पण पगार ठरवून.

बाबांना फक्त एवढं विचारा की नोकरीत कुठला दिवस दरसाल हुकला. प्रत्येकाचा एक असतोच. पोस्टमनची दिवाळी, पोलिसाचा गणपती, नर्सचा पाडवा. त्या दिवशी त्यांना कुठलं काम सांगू नका, आणि आईलाही विचारा, ती बरोबर येतेय का. बाकीचे दिवस त्यांचं ते बघतील.

आणि तुमच्या घरात दुकान असेल, तर माणूस ठेवा. शहापूर-वडगावात बारावी झालेली पोरं मिळतात. मी माझ्या भावाला दोघांचे नंबर पाठवले होते. निळी टिक आली, फोन अजून केलेला नाही.