औषधाची बाटली मोबाइलच्या भरवशावर उघडू नका

दृष्टिहीनांनी घरातल्या वस्तू मोबाइलने कशा ओळखाव्यात, याबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून ही एकत्र उत्तरे.

प्रश्न : सासऱ्यांना नोटा ओळखता येत नाहीत. काही सोय? (पंचवटी)
उत्तर : रिझर्व्ह बँकेचे 'मनी' अॅप घ्या. मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालते. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही.

प्रश्न : दुकानदार वस्तू ओळखणारे अॅप टाकून द्यायचे दोन हजार मागतो. (सिडको)
उत्तर : एक रुपयाही देऊ नका. लुकआउट, सीइंग एआय, बी माय आइज ही तिन्ही मोफत आहेत. 'सीइंग एआयसाठी आयफोनच लागतो' हेही ऐकीव; डिसेंबर २०२३ पासून ते अँड्रॉइडवर आहे. बी माय आइजवर व्हिडिओ कॉलने मदतीला येणारा स्वयंसेवक अनोळखी असतो. त्याच्यासमोर एटीएम कार्ड धरू नका.

प्रश्न : आईला काचबिंदू आहे. फोटो काढला की फोन औषधाचे नाव सांगतो. तेवढ्यावर भागेल ना? (ओझर)
उत्तर : नाही भागणार. पाकिटाची चंदेरी पट्टी चमकते, अर्धी कापली की नावही अर्धेच उरते. अशा वेळी एआय अंदाजाने नाव पूर्ण करते आणि ठाम आवाजात सांगते. डोळ्यांत घालायचे आणि कानात घालायचे थेंब एकसारख्याच बाटल्यांत मिळतात. तिथे एक चूकही परवडत नाही. औषध घरी आले की त्याच दिवशी दिसणाऱ्या माणसाने खूण करावी : सकाळच्या बाटलीला एक रबरबँड, रात्रीच्या बाटलीला दोन. औषधवाल्याकडून खोका मागून घ्या, पट्टी कापू देऊ नका. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात नाव, बॅच, मुदत असते. तो वाचून खात्री करा. तरीही शंका उरली, तर थेंब घालण्याआधी औषधवाल्याला फोन करा. काचबिंदूचे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचे नाहीत, बदलायचे तर नाहीतच.

प्रश्न : मसाल्याच्या स्टीलच्या डब्यांवर एनएफसी स्टिकर (फोन टेकवला की वाचता येणारे) लावले, फोन वाचतच नाही. (नाशिकरोड)
उत्तर : साधे स्टिकर धातूवर चालत नाही. धातूवर चालणारे वेगळे मिळते, ते मागा. नाहीतर प्लास्टिकचे डबे घ्या.

प्रश्न : वडील म्हणतात, थोडं दिसतंय तोवर हे कशाला शिकायचं? (सिन्नर)
उत्तर : थोडे दिसतेय म्हणूनच आत्ता शिकायचे. टॉकबॅक (पडद्यावरचे बोलून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय) सुरू केले की बोटांच्या सगळ्या खुणा बदलतात. पडदा दिसत असताना त्या लवकर बसतात. वाट पाहण्यात माणसे वर्षे घालवतात, मग चहाच्या डब्यासाठीही कुणाला तरी हाक मारावी लागते. या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञांना भेटा आणि अल्पदृष्टी तपासणीसाठी चिठ्ठी मागा.