४, ५, ५, ६, ७, ८, ४९ याची सरासरी १२ येते, पण १२ च्या जवळपास एकही आकडा नाही, मग सरासरी चुकली का?

नाही, गणित बरोबरच आहे, बेरीज ८४ भागिले ७ म्हणजे १२ च. झालंय असं की एकट्या ४९ ने सगळी सरासरी वर ओढलीय, सातपैकी सहा आकडे तिच्या खालीच आहेत बघा. अशा वेळी मध्यक बघायचा, आकडे लहान ते मोठे लावून बरोब्बर मधला उचलायचा, इथे चौथा म्हणजे ६, आणि खरं सांगायचं तर "साधारण किती" या प्रश्नाला तोच शोभतो. आता ४९ काढून बघा, सरासरी १२ वरून थेट ५.८ वर येते आणि मध्यक फक्त ६ चा ५.५ होतो (आकड्यांची संख्या सम असली की मधल्या दोघांची सरासरी घ्यायची, इथे ५ आणि ६). आकडे क्रमाने न लावताच मधला उचलणं ही परीक्षेतली नेहमीची चूक, तेवढं सांभाळा.

बहुलक म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला, इथे ५, पण इतक्या छोट्या डेटात त्यावर फार विसंबू नका. आणि ४९ लगेच उडवू पण नका हं, आधी टायपिंगमध्ये ४.९ चं ४९ झालंय का ते तपासा.