वजन कमी आले, हे केव्हा सांगावे?

प्रश्न : मी वस्त्रोद्योग अभियांत्रिकीचा पदवीधर असून अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यात, गुणवत्ता तपासणी विभागात, चार महिन्यांपासून नोकरी करीत आहे. एप्रिलमध्ये निर्यातीच्या एका लॉटचे वजन ५०० जीएसएमऐवजी (म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ग्रॅमऐवजी) ४८० भरत असल्याचे मला मंगळवारी आढळले. कारण शोधून मगच साहेबांना सांगावे, असे ठरवले आणि त्यात शुक्रवार उजाडला. शनिवारी भरायचा कंटेनर थांबवावा लागला आणि साहेब सर्वांसमोर रागावले. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, घरी आम्ही कन्नड बोलतो. इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावल्यास असे प्रसंग टळतील का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वर्ग अवश्य लावा, परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार करताना त्याचा उपयोग होईल, परंतु मंगळवारी तुम्हाला जे सांगायचे होते ते मराठीतच सांगायचे होते, आणि त्यासाठी लागणारे सगळे शब्द तुमच्याजवळ होते.

महाविद्यालयात उत्तर पूर्ण झाल्याशिवाय वही द्यायची नसते. ही सवय घेऊन आपण कारखान्यात येतो आणि अर्धवट माहिती घेऊन वरिष्ठांकडे जाणे म्हणजे स्वतःचे अज्ञान उघड करणे, असे मानतो. तुमच्या बाबतीत काय झाले ते पाहा. मंगळवारी सांगितले असते तर मागावर उरलेल्या मालात पाइलची, म्हणजे टॉवेलवरच्या सुताच्या फासांची, उंची वाढवून पाहता आली असती, कमी वजनाचा माल वेगळा काढता आला असता, किंवा ग्राहकाला कळवून तो कमी दराने हा माल स्वीकारतो का, हे विचारता आले असते. शुक्रवारी माल पाठवणे किंवा थांबवणे एवढेच हाती राहिले.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सुती कापड हवेतील ओलावा शोषते आणि कोरड्या हवेत तो सोडून देते. म्हणूनच नमुना ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीत पुरेसा वेळ ठेवून मगच तोलण्याची पद्धत आहे, आणि त्या स्थितीत कापसात कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरला जातो. सोलापूरच्या एप्रिलमधील हवा किती कोरडी असते, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही नमुने थेट विणकाम खात्यातून आणून तोलले असतील, तर २० ग्रॅमच्या त्या फरकातला बराचसा भाग निव्वळ हवेचा असू शकतो. अनेक उन्हाळे पाहिलेल्या साहेबांनी ही शंका पहिल्याच मिनिटाला काढली असती. तुम्ही तीन दिवस एकट्याने शोधत राहिलात ते कारण कदाचित त्यांच्या अनुभवात तयारच होते.

अशा वेळी प्रथम समक्ष जाऊन किंवा फोनवर सांगावे आणि त्याच दिवशी लिहूनही ठेवावे. मजकूर साधारण असा असावा : ‘सर, लॉट क्रमांक ७ च्या सहा नमुन्यांचे सरासरी वजन ४८० जीएसएम आले आहे, ऑर्डर ५०० ची आहे. नमुने थेट खात्यातून आणून तोलले होते. ते प्रमाणित आर्द्रतेत ठेवून उद्या सकाळी ११ वाजेपर्यंत पुन्हा तोलतो. तोपर्यंत या लॉटचे पॅकिंग थांबवावे का, ते कृपया आज सांगावे.’ यात कारण दिलेले नाही, कारण ते अजून ठाऊक नाही. मात्र काय मोजले, कसे मोजले, पुढची माहिती केव्हा मिळेल आणि कोणता निर्णय हवा आहे, हे साहेबांना एका वाचनात कळते. ई-मेलच्या विषयात ऑर्डर क्रमांक, लॉट क्रमांक आणि ‘वजन कमी’ एवढे लिहिले तरी पुरे. साहेबांना विचारल्याशिवाय त्यांच्याही वरिष्ठांना प्रत पाठवू नये.

खात्यातून माहिती घेतानाही काळजी घ्यावी लागते. मागांच्या आवाजात फोनवर ४८० आणि ५८० यांत फरक कळत नाही, म्हणून मागापाशी जाऊन आकडा चिठ्ठीवर लिहून घ्यावा. आपल्या शहरात मागावरचे अनेक कारागीर तेलुगूभाषक आहेत. वयाने मोठ्या जॉबरला, म्हणजे मागांची देखभाल पाहणाऱ्या मुख्य कारागिराला, ‘अण्णा’ म्हणून हाक मारून ‘बरुवु एंत?’ म्हणजे ‘वजन किती?’ एवढे त्यांच्या भाषेत विचारलेत, तर पुढच्या वेळी वजन घटल्याचे ते स्वतःहून तुम्हाला सांगण्याची शक्यता पुष्कळ वाढेल. घरात कन्नड आणि शाळेत मराठी अशा दोन भाषा तुम्ही लहानपणापासून सांभाळल्या आहेत, तेव्हा तिसरीतले चार शब्द तुम्हाला जड जाणार नाहीत.

साहेबांशी मात्र या आठवड्यातच बोला. लांबलचक माफी मागू नका. ‘सर, मंगळवारी समजले होते, त्याच दिवशी सांगायला हवे होते. यापुढे ठरलेल्या वजनात फरक दिसला की त्याच दिवशी कळवीन. किती फरकापर्यंत आपल्याला कळवण्याची गरज नाही, ते सांगाल का?’ एवढे बोला, आणि ते सांगतील तो आकडा त्यांच्यासमोरच तपासणीच्या वहीत लिहून घ्या.