शेवटची चाळीस पानं

नाशिक, गंगापूर रोड
शुक्रवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू दिलेली ती भांडता भांडता प्रेमात पडणाऱ्या दोघांची कादंबरी दोन बैठकांत संपवली. पहिल्या रात्री दीड वाजता दिवा मालवला, तोही घरच्यांनी ओरडा केला म्हणून. दुसऱ्या दिवशी शेवटची चाळीस पानं वाचताना मात्र दोनदा पुस्तक पालथं घालून चहा करायला उठले. त्यामुळे तुझ्या पुस्तकभिशीत निम्म्या जणी ‘वेड लावलं’ म्हणाल्या आणि निम्म्या ‘भिंतीवर फेकावंसं वाटलं’ म्हणाल्या, याचं मला नवल नाही. माझ्या एकटीच्या डोक्यात दोन्ही झालं.

रविवारी भिशीत कुणाच्या बाजूने बोलू, असं विचारतेस. घाई करू नकोस.

वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढली मी. अशा कादंबऱ्या परत आल्या की भांडणाची पानं मऊ पडलेली असायची. समासात पेन्सिलीने ‘अगं, सोड त्याला!’ आणि त्याखाली दुसऱ्याच अक्षरात ‘तुम्हाला काय कळतंय?’ नियमाने मी ते खोडायला हवं होतं. एक बाई तर दर पावसाळ्यात तीच कादंबरी नेत आणि परत देताना दरवेळी म्हणत, “कसला हलकट माणूस आहे हो!”

ती ओढ कशाची, यावर मी पुष्कळ विचार केलाय. आपल्याकडे लग्न ठरताना माणसं किती गोड बोलतात! कांदेपोह्यांच्या बशीसमोर ‘तुम्ही उद्धट आहात’ असं कोणी म्हणतं का? या कादंबरीतली बया पहिल्याच भेटीत नायकाला म्हणते. तो चिडतो, पण ते वाक्य विसरत नाही. दीडशे पानांनंतर तेच तिला शब्दन् शब्द ऐकवतो. बाईचं बोलणं एखाद्याने इतकं नीट ऐकलंय, एवढ्यावरच कित्येक वाचक पाघळतात. मीही पाघळले. नवऱ्याला तीनदा सांगूनही कोथिंबीर न येणाऱ्या घरात राहते मी, मला हसू नकोस.

आता नावडलेल्या मैत्रिणींचं ऐक. पहिल्या भागात नायिकेला नोकरी आहे, स्वतःच्या खोलीची किल्ली आहे. भांडण झालं की ती उठून जाते. मध्यावर तिची नोकरी जाते, तीही त्याच्याच एका फोनमुळे, आणि ती त्याच्या बंगल्यावर राहायला येते. संवाद तसेच खटकेबाज, टोमणे तेच. पण आता उठून जाईल कुठे? आधी जी जुगलबंदी होती तिची कोंडी झाली, आणि लेखिकेने सूर मात्र बदललाच नाही. एकीच्या मनात पहिला भाग राहिलाय, दुसरीच्या दुसरा. तू बोलशील तेव्हा ते पान नेमकं काढून दाखव.

शेवटाबद्दल फार लिहीत नाही. अपघात, आयसीयू, लहानपणी सोडून गेलेली आई. माफी त्याने मागायची होती, मागितली त्याच्या आजीने!

हा वाद आजचा नाही. एमिली ब्राँटेची ‘वदरिंग हाइट्स’ ही इंग्रजी कादंबरी १८४७ साली एलिस बेल या टोपणनावाने आली, तेव्हा टीकाकारांना तिच्यातली ताकद जाणवली आणि क्रौर्याने ते दचकलेही. गंमत म्हणजे एमिली गेल्यावर १८५० ची आवृत्ती सख्ख्या बहिणीने, शार्लटने, काढली. आणि तिच्या प्रस्तावनेत तिनेच शंका घेतली, की हीथक्लिफसारखी, म्हणजे त्या कादंबरीच्या क्रूर नायकासारखी, माणसं निर्माण करणं योग्य आहे का? पाठराखण करायला बसलेल्या बहिणीचंही मन दुभंगलेलं. मग भिशीतल्या बारा जणींचं एकमत कुठून होणार?

आणि लांब कशाला जायचं? नासिका कापली म्हणून नाशिक, असं आपण पाहुण्यांना पंचवटी दाखवताना हसत सांगतो. मागणी घालायला आलेली शूर्पणखा, तिची थट्टा करत तिला एकमेकांकडे धाडणारे दोन भाऊ, मग तिचं सीतेवर धावून जाणं, मग नाक. माझी आजी ही गोष्ट सांगताना थट्टेच्या जागी थोडी थांबायची. आजोबा थांबायचे नाहीत.

रविवारी एक कर. ज्यांना पुस्तक आवडलं नाही त्यांना विचार, कितव्या पानावर आवडेनासं झालं. ज्यांना आवडलं त्यांना विचार, पुन्हा वाचताना कोणती पानं गाळता. ‘असली पुस्तकं वाचणाऱ्या बायका’ असं कोणी सुरू केलं, तर मात्र चहा मागव आणि विषय बदल. आणि तुला स्वतःला ती आवडली असेल, तर आधी तेच सांगून टाक. लाजत लाजत केलेली चिकित्सा ऐकवत नाही.

पुस्तक उद्या शेजारच्या पोराबरोबर पाठवते. फोनच्या प्रसंगापाशी समासात पेन्सिलीने काही लिहिलंय. खोडू नकोस.

तुझी,
मावशी