पणजोबा आणि आजोबा यांच्यामधला तुटलेला दुवा

प्रश्न : महाराष्ट्रातील आमच्या मूळ गावच्या जुन्या सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव आहे, परंतु आजोबा त्यांचे पुत्र होते हे दाखवणारा एकही कागद आमच्याकडे नाही. आजोबांच्या जन्माची नोंद मिळत नाही आणि जुने दप्तर उपलब्ध नसल्याचे कार्यालयाने लेखी कळवले आहे. जमीन कसणारे भाऊबंद आमचे नातेच नाकारून वारस नोंदीस हरकत घेत आहेत. काय करावे?

उत्तर : जन्माच्या दाखल्याशिवाय नाते सिद्ध होत नाही, हा समज आपण प्रथम सोडावा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २६ प्रमाणे, नात्याची विशेष माहिती असलेल्या मृत व्यक्तीने त्या नात्याविषयी केलेले विधान पुराव्यात घेता येते. अट एवढीच की ते विधान वाद उत्पन्न होण्यापूर्वीचे असावे. त्यामुळे आपण आज केलेल्या वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रापेक्षा, भाऊबंदांच्या आजोबांनी कधीकाळी सहज दिलेला एखादा जबाब अधिक मोलाचा ठरू शकतो.

असे जबाब कुठे सापडतात? माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे कुळ कायद्याची प्रकरणे. जमिनीला कूळ असेल, तर १९४८ च्या कुळ कायद्यातील कलम ३२-ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणापुढे खरेदीची किंमत ठरवताना जमीनमालक हयात नसल्यास त्याचे वारस कोण, हा प्रश्न ओघानेच येई आणि त्याची उत्तरे जबाबात नोंदली जात. तहसील कार्यालयातून अशा संचिकेची प्रमाणित प्रत मागावी. त्याचबरोबर शोध आजोबांच्या नावापुरता ठेवू नये. त्यांचे भाऊ, विधवा चुलती, लग्न होऊन गेलेली आत्या यांच्या वारस नोंदी (गाव नमुना ६-क) आणि फेरफार पाहावेत, कारण एका भावाच्या मृत्यूनंतरच्या नोंदीत दुसऱ्या भावाचा उल्लेख अनेकदा येतो. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणून दोन्ही क्रमांकांनी शोध घेणे आवश्यक आहे. जुन्या नोंदींत आडनाव नसून केवळ ‘अमुक वलद तमुक’ (म्हणजे तमुकचा मुलगा अमुक) असे असू शकते. मोडीतील कागद असल्यास जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या किंवा हेळव्यांची (परंपरेने घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्यांची) माहिती शोधाची दिशा दाखवते, मात्र केवळ तिच्यावर दावा उभा करू नये. योग्य ताब्यातून आलेल्या तीस वर्षांपूर्वीच्या दस्ताची सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ खाली गृहीत धरू शकते. मजकूरही खरा आहे, असे त्यातून आपोआप ठरत नाही, ही बाब पक्षकार हमखास विसरतात.

‘दप्तर उपलब्ध नाही’ हे उत्तर अंतिम मानू नये. माहितीच्या अधिकारात अर्ज करून ते दप्तर नष्ट केले, अन्यत्र वर्ग केले की केवळ सापडत नाही, हे विचारावे आणि नष्ट केले असल्यास त्या आदेशाची प्रत मागावी. दप्तर दुसरीकडे गेले असल्यास शोध तिथून पुढे चालू होतो.

वारस नोंद नामंजूर झाल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली अपील करता येते आणि त्याची साठ दिवसांची मुदत चुकवू नये. तथापि नातेच नाकारले गेले असेल, तर त्याचा निर्णय महसुली अधिकारी देऊ शकत नाही. फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. वरीलपैकी दोन-तीन स्वतंत्र कागद हाती आल्यावर दिवाणी न्यायालयात वारस असल्याची घोषणा व वाटप यांसाठी दावा दाखल करावा आणि निकालापर्यंत जमिनीची विक्री होऊ नये म्हणून त्याच दाव्यात तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्यावा. सहहिस्सेदाराचा एकट्याचा ताबा केवळ दीर्घकाळचा आहे म्हणून इतरांविरुद्ध प्रतिकूल, म्हणजे त्यांचा हक्क संपवणारा, ठरत नाही. परंतु आपला हक्क त्यांनी उघडपणे नाकारल्यापासून बारा वर्षांची मुदत मोजली जाऊ शकते. म्हणून हरकतीच्या अर्जाची तारीख घातलेली प्रत आजच मिळवून वकिलांकडे द्यावी.