आठवारी अंगवळणी पडताना

शिवणटिपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. ऑक्टोबरात मुलीचं लग्न एडिंबरोला आहे, जावई तिकडचाच. व्याह्यांचा आग्रह आहे की दोन्ही बापांनी किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, घालावा. भाड्याने मिळतो, पण मला स्वतःचा, हाताने शिवलेला हवाय. पुण्यात शिवून मिळेल का? मापं कशी द्यायची? पोट थोडं सुटलंय. सौ. म्हणते, ‘भर मांडवात सावरत बसाल!’
– अ. द., कोथरूड

उत्तर : वहिनींना नऊवारी सावरायला कुणी शिकवलं, ते आधी विचारा. कारण किल्ट म्हणजे चक्क आठवारी. पूर्ण किल्टला आठ वार, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास लोकरी कापड लागतं आणि त्यातलं बरंचसं मागच्या निऱ्यांतच जातं. पुढे एकावर एक दोन सपाट पदर, उजवीकडे दोन बक्कल, डावीकडे एक. आपण निऱ्या रोज घालतो आणि रोज सोडतो. तिथे त्या कंबरेपासून सीटपर्यंत (नितंबांच्या भरावापर्यंत) टाके घालून कायमच्या बसवतात. सीटच्या खाली मात्र मोकळ्या. म्हणून तर चालताना झुलतात.

पुण्यात शिवू नका. आपल्याकडे हात चांगले आहेत, प्रश्न कापडाचा आहे. किल्टला खाली दुमड नसते, विणलेला काठच खाली येतो. दुमडलं की प्रत्येक निरी जाड होते आणि झुलणं जातं. सूटिंगच्या ताग्यात तसा काठ मिळायचा नाही. शिवाय निऱ्या अशा पाडतात की मागची चौकट, म्हणजे कापडावरची टार्टनची रंगीत चौकडी, कुठेही तुटलेली दिसू नये. एका किल्टवर मुरलेल्या हाताचेही पंधरा-वीस तास जातात. तुमच्या महागड्या कापडावर कुणाला शिकायला बसवू नका. स्कॉटलंडमध्येच ऑर्डर द्या, तीन महिने हाताशी धरा, म्हणजे आजच द्या.

मापांचं मी पोटतिडकीने सांगते, कारण माझ्या भाच्याचा किल्ट मीच बिघडवलाय. चाळीस वर्षं शिवण केलेली बाई, मला कोण सांगणार? पँट बसते तिथे कंबर घेतली, सवयीने दीड इंच लूजिंग (सैलपणासाठी जादा माप) धरलं आणि उंचीत दुमडीसाठी दोन इंच वाढवले. किल्ट आला तो कंबरेवर ठरेना आणि गुडघ्याखाली लोंबला. खालून कापायची सोय नाही, तिथे काठ आहे ना! शेवटी पोराने लग्नात सूटच घातला. माझ्याशी महिनाभर बोलला नाही, ते वेगळंच.

तेव्हा टेप दुसऱ्याच्या हातात द्या. कंबर बेंबीच्या पातळीला किंवा किंचित वर, पँटच्या जागी नाही. सीट जिथे सर्वांत भरलेली तिथे. पोट आत ओढू नका. व्याह्यांसमोर चार तास ओढून धरणार आहात का? ते किती पुढे आहे हेही कळवा, म्हणजे पुढचे पदर त्या बेताने कापतात. उंचीसाठी जमिनीवर गुडघे टेकून ताठ उभे राहा, कंबरेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. उभं राहिल्यावर काठ गुडघ्याच्या वाटीवर यायला हवा. आकडे अंगाचे द्या, लूजिंग त्यांचं त्यांना धरू द्या.

कापड १३ औंस की १६ औंस (हे कापडाच्या वजनाचं माप), असं मुख्यतः विचारतील. सोळाचा किल्ट दोन किलोच्या आसपास भरतो, पण निऱ्या त्याच्याच छान पडतात. एडिंबरोच्या ऑक्टोबरात तोच घ्या. तेरा औंसाचा पुण्यातल्या थंडीत घालता येईल, पण खरं सांगा, इथे कुठे घालणार आहात?

चौकटीबद्दल व्याह्यांना विचारा, तिकडे घराण्यांच्या आपापल्या चौकटी असतात. त्यांच्या घराण्याची चौकट घालू नये असा कायदा नाही, पण विचारलं की माणूस सुखावतो. नाहीतर ब्लॅक वॉच नावाची गडद निळी-हिरवी चौकट कुणीही घालतं. या पोशाखावर १७४६ मध्ये ब्रिटिश संसदेने बंदी आणली होती, ती १७८२ मध्ये उठली. लोक मनाला लावून घेतात ते उगाच नाही.

कस्टम भरावं लागलं तरी किल्ट पुण्यालाच मागवा. कारण नवा किल्ट म्हणजे नवी कोल्हापुरी. घातल्याशिवाय ऐकत नाही.

आल्यावर निऱ्यांवर पांढरे कच्चे टाके दिसतील. इस्त्री करायची झाली तर ते असतानाच करा, ओला पंचा वर टाकून. मग ते उसवा. (भाच्याच्या एका मित्राने तसेच ठेवले होते. ‘डिझाइन वाटलं,’ म्हणाला!) मग रोज संध्याकाळी तासभर घरात घाला, पंखा फुल ठेवून. पहिले चार दिवस फळी बांधल्यासारखं वाटेल. अंगाच्या उबेने कापड कंबरेशी वळतं, चामड्याचे पट्टेही थोडे सैलावतात. मग एक भोक आत घ्या.

बसण्याची मात्र तालीम हवी. बसण्याआधी दोन्ही हात मागे नेऊन निऱ्या खालपर्यंत सारख्या करायच्या, मग टेकायचं, गुडघे जवळ. हे वहिनी न बघता करतात, त्यांच्याकडून शिका. जिना चढा, रिक्षात बसून उतरा. रिक्षावाला काही विचारणार नाही, पुण्यात आहोत आपण. लोकरी मोजे आणि बूटही याच दिवसांत घाला, ते किल्टपेक्षा जास्त चावतात.

आत काय घालायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. रोजचं घाला. आत काहीच घालत नाहीत म्हणणारे तिकडचे विनोद ऐकून घ्या आणि सोडून द्या.

धुऊ नका. मऊ ब्रश मारा, सावलीत वारं द्या. सप्टेंबरचा दमटपणा आहे, कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवा. नेताना निऱ्या जुळवून लांबीत गुंडाळी करा आणि वहिनींच्या जुन्या लांब स्टॉकिंगमध्ये सरकवा, चुरगळत नाही. ही गुंडाळी हातातल्या बॅगेत. किल्टची पिन लांब आणि टोकदार असते, ती मोठ्या बॅगेत. आणि ती फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदरांतून टोचलीत तर पहिल्याच पावलाला कापड फाटेल.