ओहोटीला खडकांतून झिरपणाऱ्या गोड्या पाण्यामुळे तिथले जीव मरतात की वाढतात?

ओहोटीला कातळाच्या फटींतून गोडं पाणी समुद्राकडे वाहताना दिसलं आणि त्या जागेवर नुसतं हिरवं शेवाळ होतं, असं तुम्ही लिहिलंय. त्या पाण्याने बाकीचे जीव मेले का, हा तुमचा प्रश्न. माझं लहानपण रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर गेलं आणि अजूनही मोठी ओहोटी असली की मी खडपावर (ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर) जातो. त्यावरून सांगतो: काही जीवांना ती जागा सोडावी लागते, काहींची तिथे चंगळ होते आणि हे सगळं हातभर अंतरात घडतं.

आधी हे पाणी येतं कुठून ते बघू. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सड्यावरचा (किनाऱ्यालगतच्या खडकाळ पठारावरचा) जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यामुळे त्यातलं बरंच पाणी आत मुरतं. जांभ्याखाली चिकण मातीचा थर लागला (आमच्याकडे तिला शेडी म्हणतात) की पाणी तिथे अडतं, आडवं सरकतं आणि उताराच्या पायथ्याशी किंवा थेट भरतीच्या रेषेखाली बाहेर पडतं. भरतीला समुद्राचा दाब त्याला थोपवून धरतो. पाणी उतरलं की दाब कमी होतो आणि पाझर जोर धरतो. म्हणून तो आपल्याला ओहोटीलाच दिसतो.

आता एक पाझर जवळून बघा. फटीच्या तोंडाशी अल्वाचं हिरवंगार, निसरडं शेवाळ असतं. गोडं-खारं दोन्ही सोसणारं हे शेवाळ. वीतभर बाजूला बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचवाले जीव) आणि कालवं सुरू होतात. गोडं पाणी अंगावर आलं की ती कवच घट्ट मिटून घेतात. समुद्राच्या एका लिटरात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. त्याजागी अचानक गोडं पाणी आलं तर ते शरीरात शिरतं आणि पेशी फुगतात, म्हणून हा बंदोबस्त. पण कवच मिटलेलं असताना खाणंही बंद. रोज कित्येक तास असं बसावं लागलं तर वाढ खुंटते. तारामासा आणि काटेरी सी अर्चिन यांना मिटायला कवचच नाही आणि शरीरातलं मीठही सांभाळता येत नाही. ते पाझराच्या वाटेला जात नाहीत.

खडपातल्या डबक्यात पाझर उतरत असेल तर अजून एक गंमत दिसते. पाण्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावरच्या हवेसारखी थरथर असते, तळ डोळ्यांना नीट दिसत नाही. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खारं खाली राहतं आणि दोन्ही मिसळतात तिथे प्रकाश वाकतो. अशा डबक्यात तळाचे जीव आरामात असतात आणि वरच्या कडेला मात्र फक्त शेवाळ.

फायदाही मोठा आहे. मे महिन्यात दुपारच्या ओहोटीला काळा खडक चाळीस अंशांच्या वर तापतो. जमिनीखालचं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचं असतं, त्यामुळे पाझराजवळचा खडक ओला आणि गार राहतो. शिवाय हे पाणी खडकातून सिलिका आणि नायट्रेट घेऊन येतं. सिलिकावर डायॅटम (डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ) वाढतात आणि खडकावर त्यांचा तपकिरी, बुळबुळीत पापुद्रा बसतो. टोपीसारख्या कवचाच्या गोगलगायी तोच खरवडून खातात. जपानमध्ये चोकाई पर्वताच्या पायथ्याशी युझा गावाच्या किनाऱ्यावर समुद्राच्या तळातून झरे फुटतात आणि तिथली उन्हाळी कालवं प्रसिद्ध आहेत. कालवांच्या चवीचं श्रेय तिथले लोक या झऱ्यांना देतात.

मला काळजी वाटते ती वरच्या बाजूची. सड्यावर खत जास्त पडलं किंवा सांडपाण्याचे शोषखड्डे वाढले, तर तेच नायट्रेट प्रमाणाबाहेर खाली येतं. मग अल्वा इतकी माजते की कालवांच्या पिल्लांना चिकटायला मोकळा खडकच उरत नाही. त्यामुळे नुसतं हिरवं दिसलं म्हणून सगळं ठीक आहे असं मी मानत नाही. उलट बाजूही आहे. आमच्या वाडीत बोअरवेल वाढल्या, आणि लहानपणी ज्या फटीशी ओंजळ धरायचो ती आता जानेवारीतच कोरडी पडते. त्या खडकावरचा हिरवा पट्टा गेला, पापुद्राही गेला, गोगलगायी विरळ झाल्या. उपसा वाढला की समुद्रच उलटा आत सरकतो. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असल्याने समुद्रसपाटीच्या वरची गोड्या पाण्याची पातळी एक मीटर घटली, की खालची खाऱ्याची सीमा सुमारे चाळीस मीटर वर चढते.

तुमच्या जागेचं नक्की काय चाललंय हे बघायचं असेल तर अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांच्या ओहोटीला जा, एकदा डिसेंबरात आणि एकदा मेच्या शेवटी. दर वेळी त्याच फटीपासून पहिलं जिवंत कालव किती अंतरावर आहे ते वितीने मोजा आणि फोटो काढून ठेवा. वर वस्ती असेल तर पाणी जिभेला लावू नका. आणि निसरड्या अल्वावर पाय देऊ नका, मी दोनदा गुडघा फोडून घेतलाय.